मोडणे आणि वाकणे : ॲल्युमिना व अगंज पोलाद यांच्या द्रव्यगुणांचा तुलनात्मक अभ्यास (तुर्भे औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : सिरॅमिक, मिश्रधातू, काठिण्य, चिवटपणा, ठिसूळ भंग, संक्षारण, द्रव्यनिवड

प्रस्तावना :

ठाणे खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तुर्भे वसले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर मार्गालगत ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र आकारास आले. तुर्भे हा त्याच क्षेत्राचा भाग होय. रसायने, औषधे, रंगद्रव्ये आणि अभियांत्रिकी वस्तू यांचे कारखाने येथे उभे राहिले. गेल्या काही दशकांत माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती आणि गोदामे यांची त्यात भर पडली. असे असले तरी आम्ल वाहून नेणारे पंप, रासायनिक अभिक्रियापात्रे आणि वाफेच्या नळ्या या परिसरातून हद्दपार झालेल्या नाहीत.

अशा कारखान्यातील एखादा पंप उघडून पाहिला तर दोन अगदी भिन्न प्रकृतीची द्रव्ये शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पंपाचे कवच आणि शाफ्ट मिश्रधातूचा असतो. शाफ्ट कवचाबाहेर येतो त्या ठिकाणी द्रव गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांपैकी एक कडी पुष्कळदा सिरॅमिकची असते. एकाच यंत्रात, एकाच द्रवाच्या सान्निध्यात दोन वेगळी द्रव्ये का योजावी लागतात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. परंतु त्या कडीच्या पलीकडे उभा असलेला कामगार आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडची वस्ती लक्षात घेतली, तर त्याचे महत्त्व सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांना जाणवेल.

प्रस्तुत लेखात ॲल्युमिना हे सिरॅमिक आणि ३१६ एल या प्रतीचे अगंज पोलाद, म्हणजेच स्टेनलेस स्टील, यांच्या द्रव्यगुणांची तुलना केली आहे. दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, हे ठरविणे हा तिचा हेतू नाही. प्रत्येक द्रव्य कसे निकामी होते आणि निकामी होण्यापूर्वी ते माणसाला काही सूचना देते किंवा नाही, हे स्पष्ट करणे हा तिचा हेतू आहे.

दोन द्रव्यांची ओळख :

ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग. माणिक आणि नीलम ही रत्ने म्हणजे रंगद्रव्याचा अंश असलेले याच संयुगाचे स्फटिक होत. ॲल्युमिनाचा मूळ स्रोत बॉक्साइट हा असून कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतील जांभ्या खडकाच्या पठारांवर त्याचे साठे आढळतात. बॉक्साइटपासून शुद्ध ॲल्युमिना मिळविण्याची पद्धत कार्ल योझेफ बायर याने १८८८ च्या सुमारास शोधून काढली. ही शुभ्र भुकटी साच्यात दाबून सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की कण एकमेकांत सांधले जातात. भाजताना वस्तूची प्रत्येक बाजू साधारणपणे १५ ते २० टक्के आखडते. कुंभाराच्या आव्यातील मडकेही भाजताना आखडते. तत्त्व तेच आहे, फक्त शुद्धता, तापमान आणि मोजमापाची काटेकोरता यांत अंतर आहे. एकदा भाजलेली वस्तू पुन्हा आकारात आणावयाची तर ती हिऱ्याच्या चाकानेच घासावी लागते.

अगंज पोलादाचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले. आज रासायनिक उद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ३१६ एल या प्रतीत १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. कार्बनचे प्रमाण ०.०३ टक्क्याहून अधिक नसते. उरलेला भाग मुख्यतः लोखंडाचा असतो. हे पोलाद लाटता येते, वाकविता येते, ओढून त्याची तार काढता येते आणि वेल्डिंगने जोडताही येते.

अणुबंध आणि गुणधर्म :

या दोन द्रव्यांतील सर्व भेदांचे मूळ त्यांच्या अणुबंधात आहे. धातूमध्ये बाह्य इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी बांधलेले नसतात. अणूंचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकला तरी बंध तुटत नाहीत. शेजारी बदलतात, एवढेच. हे सरकणे संपूर्ण थराचे एकदम होत नाही. स्फटिकरचनेतील रेषीय दोषांच्या हालचालीने ते टप्प्याटप्प्याने घडते. जाजमाला पडलेली सुरकुती पायाने पुढे ढकलत नेली की सारे जाजम हळूहळू सरकते, तसाच हा प्रकार आहे. धातूला वाकविता येते ते यामुळे.

ॲल्युमिनात मात्र इलेक्ट्रॉन ठरावीक अणूंमध्ये घट्ट अडकलेले असतात. धन आणि ऋण भारांचे कण एकाआड एक बसलेले असल्याने थर सरकला तर समान भार समोरासमोर येण्याची वेळ येते. त्यामुळे नेहमीच्या तापमानाला थर सरकत नाहीत. प्रतिबल वाढतच गेले तर बंध थेट तुटतात. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा मराठी माणसाचा आवडता बाणा ॲल्युमिना अक्षरशः पाळते. माणसाच्या ठायी हा गुण कौतुकास्पद असेल. यंत्राच्या भागाच्या ठायी तो जपून हाताळावा लागतो.

तौलनिक गुणधर्म :

पुढील आकडे ९९.५ टक्के शुद्धतेचे ॲल्युमिना आणि तापवून मऊ केलेले ३१६ एल पोलाद यांचे नेहमीच्या तापमानाचे साधारण आकडे आहेत. उत्पादनपद्धतीनुसार त्यांत थोडाफार फरक पडतो.

१. घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) : ॲल्युमिना ३.९, पोलाद ८.०
२. विकर्स काठिण्य : ॲल्युमिना सुमारे १५००, पोलाद १५० ते २००
३. स्थितिस्थापकता गुणांक (गिगापास्कल) : ॲल्युमिना ३७०, पोलाद १९३
४. बल (मेगापास्कल) : ॲल्युमिनाचे वाकवणीतील बल सुमारे ३५० आणि दाबातील बल २००० हून अधिक; पोलाद किमान १७० ला कायमचे वाकू लागते आणि त्याचे ताणबल किमान ४८५
५. तुटण्यापूर्वीची लांबीतील वाढ : ॲल्युमिना जवळजवळ शून्य, पोलाद ४० टक्के
६. भंगविरोधी चिवटपणा (मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ) : ॲल्युमिना सुमारे ४, पोलाद १०० हून अधिक
७. वितळणबिंदू (अंश सेल्सिअस) : ॲल्युमिना सुमारे २०५०, पोलाद सुमारे १४००
८. उष्णतासंवाहकता (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन) : ॲल्युमिना सुमारे ३०, पोलाद सुमारे १५
९. रेषीय प्रसरण (दर अंशाला, दशलक्षांशात) : ॲल्युमिना सुमारे ८, पोलाद सुमारे १६

यांतील आठवा आकडा अनेकांना अनपेक्षित वाटेल. धातू उष्णतेचा सुवाहक आणि सिरॅमिक दुर्वाहक, अशी शालेय समजूत असते. येथे मात्र सिरॅमिकच दुप्पट सुवाहक ठरते. पोलादात मिसळलेले क्रोमियम आणि निकेलचे अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे निर्माण करतात, तर ॲल्युमिनाच्या बळकट जालकातून अणूंच्या कंपनांद्वारे उष्णता वाहते. विजेच्या बाबतीत मात्र शालेय समजूत खरी ठरते. दोन्ही द्रव्यांच्या विद्युत्‌रोधकतेचे गुणोत्तर १ वर १८ शून्ये एवढे प्रचंड आहे. रिक्षाच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग ॲल्युमिनाचा असतो तो याच कारणाने.

काठिण्य आणि चिवटपणा यांतील भेद :

वरील यादीतील पहिले पाच-सहा आकडे वाचून वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. ॲल्युमिना पोलादापेक्षा आठ-दहापट कठीण आहे, दुप्पट ताठ आहे आणि निम्म्या वजनाचे आहे. मग संपूर्ण पंप ॲल्युमिनाचाच का करू नये? याचे उत्तर सहाव्या आकड्यात दडलेले आहे.

काठिण्य म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा किंवा खळगा पडण्यास होणारा विरोध, तर चिवटपणा म्हणजे असलेली चीर पुढे वाढण्यास होणारा विरोध. बोलीत दोहोंना ‘मजबुती’ हा एकच शब्द वापरला जातो आणि तेथूनच गैरसमजाला प्रारंभ होतो. वर्गातील खडूने हा भेद सहज दाखविता येतो. अखंड खडूवर नखाने एक बारीक आडवी खाच पाडावी आणि तो हलकेच वाकवावा. खडू बहुधा त्या खाचेपाशीच तुटतो. तशीच खाच मऊ तारेवर पाडली तर तार वाकते, पण तुटत नाही.

या निरीक्षणामागील गणित दोन इंग्रज संशोधकांनी मांडले. चार्ल्स इंग्लिस याने १९१३ मध्ये चिरेच्या टोकाशी प्रतिबल कितीतरी पटींनी वाढते हे दाखविले. ॲलन ग्रिफिथ याने १९२० मध्ये काचेवर प्रयोग करून, द्रव्याचे प्रत्यक्ष बल त्यातील सूक्ष्म चिरांवर अवलंबून असते, असा सिद्धांत मांडला. त्याचा उपयोग येथे करून पाहता येईल. दोन्ही द्रव्यांवर १५० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड टन, एवढा ताण आहे असे समजू. चिवटपणाचे मूल्य ४ धरल्यास ॲल्युमिनात सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीची चीर प्राणघातक ठरते. तेच मूल्य १०० धरल्यास पोलादात ती खोली सुमारे १४ सेंटिमीटर येते. हे गणित मऊ पोलादाला काटेकोरपणे लागू पडत नाही, कारण तेवढी चीर पडण्याच्या कितीतरी आधी ते वाकून मोकळे होते. तथापि दोन द्रव्यांमधील अंतर किती मोठे आहे, हे त्यावरून ध्यानात येते. चौदा सेंटिमीटरची चीर कोणालाही दिसेल, ०.२ मिलिमीटरची चीर कारखान्याच्या उजेडात दिसणे अवघड आहे.

याचा आणखी एक परिणाम संभवतो. सिरॅमिकच्या वस्तूचे बल तिच्यातील सर्वांत वाईट दोषावर ठरत असल्याने एकाच घाण्यातील दोन कड्या सारख्या बळाच्या असतीलच असे नाही. स्वीडनचा वालोडी वायबुल याने १९३९ मध्ये या विखुरण्याचे संख्याशास्त्र मांडले. त्याच्या सूत्रातील घातांक १० धरल्यास वस्तूचे आकारमान हजारपट वाढविले की तिचे अपेक्षित बल निम्म्यावर येते, कारण मोठ्या वस्तूत मोठा दोष असण्याची शक्यता अधिक असते. पोलादाच्या लहान तुकड्याची चाचणी घेऊन मोठ्या टाकीविषयी बऱ्यापैकी खात्री देता येते. सिरॅमिकच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. म्हणूनच सिरॅमिकचे भाग शक्यतो लहान ठेवले जातात, त्यांच्यावर ताणाऐवजी दाब येईल अशी रचना केली जाते आणि महत्त्वाचे भाग वापरण्यापूर्वी जास्त भाराखाली तपासून घेतले जातात.

संक्षारण आणि खाडीचे सान्निध्य :

येथवरच्या विवेचनावरून मिश्रधातूचे पारडे जड झाले असे वाटेल. परंतु रासायनिक कारखान्यात द्रव्याची कसोटी केवळ भाराने लागत नाही. अगंज पोलाद गंजत नाही याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा होय. त्याची जाडी अवघी १ ते ३ नॅनोमीटर असते. ओरखडा पडला तरी हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनने तो पुन्हा जुळून येतो. हा पापुद्रा स्वतः एक सिरॅमिकच आहे. म्हणजे मिश्रधातूचे आयुष्य शेवटी एका अदृश्य सिरॅमिकच्या आधाराने टिकून असते.

या पापुद्र्याचा मोठा शत्रू क्लोराइड होय. हायड्रोक्लोरिक आम्लात ३१६ एल पोलाद टिकाव धरत नाही. मीठयुक्त पाण्यात, विशेषतः ते साचून राहिल्यास, पापुद्रा एखाद्या ठिकाणी फुटतो आणि तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र खोल जात राहते. तुर्भ्यासारख्या खाडीकाठच्या परिसरात हवेतही क्षार असतात. गरम नळीवरील उष्णतारोधक वेष्टणात पावसाचे पाणी शिरले, की ते आटताना क्षार मागे राहतात आणि त्यांची तीव्रता वाढत जाते. तापमान साधारण ६० अंशांच्या वर असेल आणि धातूवर ताण असेल, तर अशा ठिकाणी बारीक फांद्यांसारख्या चिरा पसरू शकतात. एरव्ही चिवट असलेले पोलाद त्या वेळी फारसे न वाकता तडकते. ‘धातू वाकून सूचना देतो’ या नियमाला हा गंभीर अपवाद आहे. तो वेष्टणाखाली झाकलेला असल्याने पावसाळ्यानंतर वेष्टण काढून केलेल्या तपासणीला पर्याय उरत नाही.

ॲल्युमिना हे आधीच पूर्ण ऑक्सिडीभूत झालेले द्रव्य असल्यामुळे त्याला गंजण्यासारखे काही उरलेले नसते. बहुतेक आम्लांत आणि क्षारयुक्त पाण्यात उच्च शुद्धतेचे ॲल्युमिना टिकून राहते. तथापि हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि तीव्र, उष्ण अल्कली यांचा त्यावरही परिणाम होतो.

उष्णतेचा आघात :

ॲल्युमिना पोलादापेक्षा कितीतरी जास्त तापमान सहन करते. अचानक बदल मात्र त्याला सोसवत नाही. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो, ही घरगुती गोष्ट येथे लागू पडते. तापलेले ॲल्युमिना पाण्यात बुडविले असता सुमारे २०० अंशांचा फरक त्याचे बल एकदम घटविण्यास पुरेसा ठरतो. पंप कोरडा चालत राहिला तर सीलच्या कड्या घर्षणाने तापतात. अशा वेळी थंड द्रव आत सोडला की कडी फुटण्याचा संभव असतो. याच कारणामुळे अनेक पंपांत ॲल्युमिनाऐवजी सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या योजल्या जातात. त्यांची उष्णतासंवाहकता ॲल्युमिनाच्या सुमारे तीन-चारपट असते. पोलाद मात्र तापमानातील असा फरक किंचित विकृत होऊन पचविते.

तुर्भे परिसरातील उपयोजन :

या तुलनेचे पहिले उदाहरण पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींचे घेता येईल. येथील बेसाल्ट फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांना भरडण्याचा प्रचंड आघात सोसावा लागतो. तेथे कठीण सिरॅमिक चालत नाही. त्यासाठी रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलेले, सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद जगभर वापरले जाते. ते मुळात फारसे कठीण नसते, पण मार बसेल तसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि गाभा चिवट राहतो. याउलट, जेथे खडी किंवा भुकटी आदळत नाही, केवळ घसरत जाते, अशा पन्हळीत ॲल्युमिनाच्या फरशा लावल्या तर त्या पोलादापेक्षा कमी झिजतात. आघात असेल तेथे चिवटपणा आणि घर्षण असेल तेथे काठिण्य, असा हा न्याय आहे.

दुसरे उदाहरण पंपाच्या सीलचे. कडी लहान असते, तिच्यावर मुख्यतः दाब येतो आणि तिचा पृष्ठभाग एका मायक्रॉनच्या आत सपाट राहावा लागतो. काठिण्य, ताठपणा आणि संक्षारणरोध हे सिरॅमिकचे तिन्ही गुण येथे उपयोगी पडतात, तर त्याचा दुबळेपणा फारसा आड येत नाही. कवच आणि शाफ्ट यांना मात्र ताण, पीळ आणि धक्के सोसावे लागतात. ते काम मिश्रधातूचे.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. औषध आणि रसायन उद्योगात वापरली जाणारी ग्लास लाइन्ड अभिक्रियापात्रे बाहेरून पोलादाची असतात आणि आतून त्यांवर एक ते दोन मिलिमीटर जाडीचा काचेचा थर भाजून बसविलेला असतो. भट्टीतून काढल्यावर पोलाद काचेपेक्षा अधिक आखडते, त्यामुळे काच कायम दाबाखाली राहते. काच दाबात बळकट असते, या गुणाचा हा चतुर उपयोग आहे. भार पोलाद पेलते आणि आम्ल काच अडविते. परंतु पात्र स्वच्छ करताना हातातील पाना आत पडला आणि काचेचा टवका उडाला, तर आम्ल थेट पोलादापर्यंत पोहोचते आणि बाहेरून काहीही न दिसता भिंत आतून खाल्ली जाऊ लागते. त्यामुळे अशा पात्रांत लोखंडी हत्यार न नेणे, ती एकदम तापवू वा थंड न करणे आणि काचेची ठरावीक काळाने विद्युत् ठिणगीने तपासणी करणे, हे नियम पाळावे लागतात. कामगाराला ही बंधने जाचक वाटू शकतात. चिवटपणा आणि काठिण्य यांतील फरक त्याला एकदा समजावून दिला, की त्यांमागील कारण त्याला पटते.

दोन्ही प्रकृतींचा मेळ द्रव्याच्या अंतरंगातच घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी झिर्कोनियाचा एक प्रकार जगासमोर आणला. त्यात चिरेच्या टोकाशी स्फटिकांची रचना बदलते, त्यांचे आकारमान काहीसे वाढते आणि चीर आपोआप दाबली जाते. पोलाद कठीण करताना त्याच्या अंतर्रचनेत घडणाऱ्या बदलाशी हा बदल नाते सांगतो. अशा झिर्कोनियाचा चिवटपणा ॲल्युमिनाच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहून अधिक जातो. तरीही तो पोलादाच्या जवळपास पोहोचत नाही.

निष्कर्ष :

१. काठिण्य आणि चिवटपणा हे स्वतंत्र गुण आहेत. ॲल्युमिना पहिल्यात आणि अगंज पोलाद दुसऱ्यात सरस आहे. केवळ ‘मजबूत’ या विशेषणाने द्रव्याची निवड करणे धोक्याचे ठरते.

२. नेहमीच्या भाराखाली पोलाद निकामी होण्यापूर्वी वाकते आणि सावध होण्यास अवधी देते. सिरॅमिक तसा अवधी देत नाही. म्हणून त्याबाबतीत दक्षता आधी, म्हणजे रचनेत, चाचणीत आणि हाताळणीत घ्यावी लागते.

३. क्लोराइडच्या सान्निध्यात पोलादही सूचना न देता तडकू शकते. खाडीकाठच्या, भरपूर पावसाच्या तुर्भ्यासारख्या परिसरात हा अपवाद विशेष लक्षात ठेवावा लागतो.

४. उत्तम रचना बहुधा दोन्ही द्रव्यांच्या सहकार्याने साधते. पंपाचे सील, ग्लास लाइन्ड पात्र आणि अगंज पोलादावरील नैसर्गिक पापुद्रा ही त्याची तीन उदाहरणे होत.

औद्योगिक परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी पुढे याच कारखान्यांत पर्यवेक्षक, भांडारपाल, खरेदी अधिकारी किंवा लेखापाल म्हणून काम करतात. कोणती कडी मागवायची आणि तपासणीचा खर्च मंजूर करायचा की पुढे ढकलायचा, हे निर्णय केवळ अभियंत्याच्या हाती नसतात. म्हणून द्रव्यगुणांचे हे प्राथमिक ज्ञान विज्ञान शाखेपुरते मर्यादित न ठेवता पर्यावरण अभ्यास किंवा सामान्य ज्ञानाच्या तासिकेतही द्यावे. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक खडू, तारेचा एक तुकडा आणि दोहोंवर पाडलेली एक खाच एवढे प्रारंभाला पुरेसे आहे.